कागद सांभाळ, जॉन!
साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज घराण्याचा माग काढताना

दोस्तांनो, बाबा बाजारात निघाले की आई त्यांच्या हातात एक यादी देते. साखर दोन किलो, शेंगदाणे अर्धा किलो, धाकट्याच्या शर्टाला कापड... अशीच एक यादी आज आपण बघणार आहोत. यादी देणारी आहे इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातली मार्गारेट पास्टन नावाची बाई. साल आहे १४४८ च्या सुमाराचे. तिचा नवरा जॉन कामासाठी लंडनला गेला होता. तिने त्याला पत्रातून कळवले की येताना एक पौंड बदाम आण, एक पौंड साखर आण, मुलांच्या अंगरख्यांना कापड आण. आणि हो, थोड्या क्रॉसबो, त्या ताणायचे रहाट आणि त्यांचे आखूड बाणही आण!

क्रॉसबो म्हणजे दांड्यावर आडवे बसवलेले, चाप ओढून सोडायचे धनुष्य. कारणही तिने दिले आहे. आपली घरे इतकी ठेंगणी आहेत की लांब धनुष्य आतून चालवताच येणार नाही! दारापाशी ठेवायला दोन-तीन आखूड परशूही तिला हवे होते. शत्रूच्या माणसांनी दारांना आडव्या दांड्या ठोकल्या आहेत आणि भिंतींना बाण सोडायला भोके पाडली आहेत, अशी बातमीही तिने दिली.

बदाम आणि बाण एकाच यादीत! काय चालले होते त्या घरात?

हे शोधायचे तर आपल्याला थोडे गुप्तहेर व्हावे लागेल. पण हे प्रकरण जरा जुने आहे. पायांचे ठसे नाहीत, साक्षीदार केव्हाच मातीत गेले. उरले आहेत ते कागद आणि मेंढीच्या कातड्यावर लिहिलेले कोर्टाचे दप्तर. चला तर मग!

ग्रेशमच्या वाड्यावर हल्ला

जॉनचे वडील विल्यम पास्टन यांनी १४२७ साली ग्रेशम नावाची मॅनर विकत घेतली होती. मॅनर म्हणजे जमीन, वाडा, तिथली कुळे आणि कुळांचे तंटे सोडवणारी छोटी कचेरी, असा सगळा मिळून एक जहागिरीसारखा प्रकार. विकणारा होता थॉमस चॉसर. प्रसिद्ध इंग्रज कवी जेफ्री चॉसर याचा हा मुलगा.

१४४४ साली विल्यम वारले आणि मालमत्ता तरुण जॉनच्या हाती आली. इकडे लॉर्ड मोलिन्स नावाचा एक उमराव टपूनच बसला होता. ग्रेशमवर आपला जुना हक्क आहे असे म्हणत १४४८ च्या फेब्रुवारीत त्याने ती चक्क बळकावली. जॉनने सरळ मार्गाने प्रयत्न केले, मध्यस्थ घातले. काही उपयोग झाला नाही. शेवटी १४४९ च्या ऑक्टोबरात पास्टन मंडळी गावातल्या एका घरात पुन्हा जाऊन राहिली.

२८ जानेवारी १४५०. जॉन लंडनला होता. घरात मार्गारेट आणि बाराच माणसे. मोलिन्सची माणसे चालून आली. त्यांनी मार्गारेट ज्या खोलीत होती तिची भिंत खालून पोखरली, तिला उचलून बाहेर काढले, घराचे खांब तोडले आणि सामान लुटून नेले.

हे सगळे आपल्याला कुठून कळते? जॉनने राजाकडे आणि पार्लमेंटकडे जी फिर्याद केली, तिच्यातून. त्या फिर्यादीत म्हटले आहे की हल्लेखोर एक हजार होते. त्यांच्याकडे चिलखते, बंदुका, शिड्या, कुदळी आणि घरे ओढून पाडायचे लांब आकडे होते. लूट झाली ती २०० पौंडांची.

आता जरा थांबा. गुप्तहेराने लगेच वहीत ‘हल्लेखोर १०००’ असे लिहायचे का? जॉन तर त्या दिवशी तिथे नव्हताच! शिवाय त्याला नुकसानभरपाई हवी होती. फिर्याद लिहिणारा माणूस दहाचे शंभर करतो, हे काय आपल्याला ठाऊक नाही? “सर, ह्यानं मला शंभर वेळा मारलं!” असे वर्गात कोणी म्हणाले, तर सर शंभर आकडा फळ्यावर लिहीत नाहीत. पण मारले हे मात्र खरे असू शकते. तसेच इथे. हजार या आकड्याकडे जपून बघायचे. पण भिंत पोखरली, खांब तोडले हे तपशील असे आहेत की ते उगाच कोणाला सुचत नाहीत.

मग कोर्टात काय झाले? ऐका तर गंमत. १४५१ साली खटला उभा राहायची वेळ आली, तेव्हा परगण्याच्या शेरीफने जॉनच्या माणसांना सांगून टाकले की लॉर्ड मोलिन्सला निर्दोष सोडतील असेच पंच नेमा, असे राजाचे पत्र मला आले आहे! ही हकीकत कोर्टाच्या दप्तरात नाही, घरच्या पत्रात आहे. म्हणजे आपल्या हाती फक्त निकाल लागला असता, तर ‘मोलिन्स निर्दोष’ असे आपण खुशाल मानून चाललो असतो.

हा आपल्या शोधाचा पहिला धडा. कागद सापडला की आधी त्यालाच विचारायचे: बाबा रे, तुला कोणी लिहिले आणि कशासाठी?

जॉनला ग्रेशम शेवटी परत मिळाली, पण वाड्याची पार दुर्दशा झाली होती.

एक नांगर आणि बिनखोगिराचा घोडा

मुळात हे पास्टन आले कुठून? त्यांच्याबद्दल एक विलक्षण टिपण शिल्लक आहे. त्यावर सही नाही, पण लिहिणारा त्यांचा शत्रू होता यात शंका नाही.

तो लिहितो की जॉनचे आजोबा क्लेमंट हे साधे शेतकरी. पास्टन गावात त्यांची शंभर-सव्वाशे एकर जमीन, तीही बरीचशी शेजारच्या गिमिंगहॅमच्या मालकाला बांधील. वर्षभर स्वतः नांगर धरायचे. पिठाच्या गिरणीवर जायचे ते घोड्याच्या उघड्या पाठीवर, धान्याचे पोते खाली घेऊन. आणि येताना तसेच पिठावर बसून! धान्य विकायला गाडी हाकत बाजारात जायचे, कुठल्याही चांगल्या शेतकऱ्याने जावे तसे. त्यांची बायको तर भूदास होती, असेही तो म्हणतो.

भूदास म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे रामायण यावरच आहे. भूदास हा मालकाच्या जमिनीला जन्मानेच बांधलेला माणूस. मालकाच्या परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नसे. आणि सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे कायद्याच्या नजरेत भूदासाची जमीन आणि मालमत्ता मालकाचीच. मालकाने हात घातला, तर राजाच्या कोर्टात त्याच्याविरुद्ध दाद मागायची सोय नाही!

टिपणात पुढे आहे की क्लेमंट यांनी मुलाला, विल्यमला, शाळेत घातले. त्यासाठी पैसे उसने काढले. मुलाचा मामा जेफ्री सॉमर्टन वकिली करायचा. त्याने भाच्याला कायदा शिकायला मदत केली.

शत्रूने हे लिहिले ते हिणवायला. पण आपण आज वाचतो तेव्हा काय वाटते? नांगर धरणारा बाप कर्ज काढून पोराला शिकवतो आणि ते पोर १४२९ साली राजाच्या मोठ्या कोर्टात न्यायाधीश होते! शत्रूने शेण म्हणून फेकले, त्याचे फूल झाले की!

विल्यम यांचे न्यायाधीश होणे तर कोर्टाच्या दप्तरातच आहे, त्यावर वाद नाही. त्यांनी एकामागून एक जमिनी घेतल्या. गावकऱ्यांशी वादही ओढवून घेतले. पास्टन गावातला रस्ता बदलण्याची परवानगी त्यांनी १४४३ साली राजाकडून मिळवली. त्यांच्यामागे पत्नी ॲग्नेस यांनी तिथे भिंत बांधली, तर गावकऱ्यांनी ती पाडून टाकली! बांधावरची भांडणे फक्त आपल्याकडेच होतात असे नाही, बरं का.

ॲग्नेस यांचे मुलाला लिहिलेले एक पत्र आहे. रोज एकदा तरी वडिलांचा उपदेश आठव, कायदा शीक, असे त्यांनी त्यात बजावले. पास्टनमध्ये राहणाऱ्याला स्वतःचा बचाव करता आलाच पाहिजे, असे वडील नेहमी म्हणत, हेही त्यांनी लिहिले. किती खरे होते ते!

दप्तर कसे वाचतात?

जमीनदार घराण्याचा माग काढायला मुख्यतः पाच प्रकारचे दप्तर कामाला येते.

१. तिहेरी तडजोडपत्र. दोन माणसे राजाच्या कोर्टात जात आणि जमिनीबद्दल समझोता करत. पुष्कळदा खरे भांडण नसेच. व्यवहार पक्का व्हावा म्हणून लुटुपुटीचा दावा मांडत. मग एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर तीनदा लिहायचा. दोन प्रती शेजारी-शेजारी आणि तिसरी खाली, तळाशी. मधल्या जागेत मोठी अक्षरे काढायची आणि त्या अक्षरांवरूनच नागमोडी रेषेत कापायचे. दोन तुकडे दोन पक्षांना, तळाचा तुकडा राजाच्या खजिन्यात. कोणी खोटा तुकडा आणला, तर? खजिन्यातल्या तुकड्याशी कडा जुळवून बघायची. जुळली नाही की चोर सापडला! तिसरी प्रत ठेवायची ही पद्धत ११९५ सालच्या जुलैत सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली. या तळाच्या तुकड्यांना ‘फीट ऑफ फाइन्स’ म्हणतात. फीट म्हणजे पाय, तळ. आणि फाइन म्हणजे इथे दंड नव्हे, तर वादाचा शेवट.

२. मृत्यूनंतरची चौकशी. राजाकडून थेट जमीन मिळालेला माणूस वारला की सरकारी अधिकारी त्या भागातले पंच बोलावून विचारी: जमीन किती होती? माणूस कोणत्या दिवशी वारला? वारस कोण आणि त्याचे वय काय? वंशावळ काढणाऱ्याला तर हा खजिनाच! वारस लहान असेल, तर तो २१ वर्षांचा झाल्यावर पुन्हा पंच बसत. तेव्हा जन्मदाखले कुठे होते? मग साक्षीदार सांगत, “त्याचा बाप्तिस्मा झाला त्याच दिवशी मी घोड्यावरून पडून पाय मोडून घेतला, म्हणून लक्षात आहे.” मजा वाटते ना वाचायला? पण इतिहासकारांनी असे शेकडो दाखले शेजारी ठेवले तेव्हा दिसले की वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वर्षी, तेच ते पाय मोडलेले आहेत! म्हणजे कारकुनाने पुष्कळदा साचा उतरवून काढला. कागदाला प्रश्न विचारायचा, तो यासाठीच.

३. खटल्यांच्या गुंडाळ्या. राजाच्या कोर्टात कोण आले, कोणी कोणावर दावा लावला, कोण गैरहजर राहिले याची नोंद चर्मपत्राच्या लांब पट्ट्यांवर होई. लेखन लॅटिनमध्ये, तेही जागा वाचवायला निम्मे शब्द तोडून. १७३३ पर्यंत हे लॅटिन चालू होते. अशा गुंडाळ्यांतले पुष्कळ खटले अर्धवटच राहिलेले दिसतात. माणसे कोर्टाबाहेर मिटवून टाकत किंवा थकून जात.

४. मॅनरच्या कचेरीची नोंद. इथे मात्र गावची साधी माणसे भेटतात. कोणाची गाय कोणाच्या शेतात शिरली, कोणी मालकाच्या तळ्यात मासे धरले, कोणत्या कुळाची जमीन मुलाकडे गेली.

५. मृत्युपत्रे. माणसाला कोण जवळचे वाटत होते ते इथे कळते. क्लेमंट यांनी आपल्याला पास्टनच्याच चर्चमध्ये पुरावे, असे लिहून ठेवले होते. ते १४१९ साली वारले.

आता तारखांची गंमत. ‘२८ जानेवारी १४५०’ असे त्या काळी कोणी लिहीत नसे. ‘सहाव्या हेन्रीच्या राज्याचे २८ वे वर्ष’ आणि जवळचा एखादा संताचा सण, असे लिहायचे. सहावा हेन्री गादीवर आला १ सप्टेंबर १४२२ रोजी. मग त्याचे २८ वे वर्ष कधी सुरू झाले? करा बरं हिशेब! (१४४९ चा १ सप्टेंबर आला? शाबास!)

आणि नावे? पास्टन घराण्यात बापाचे नाव जॉन. थोरल्या मुलाचे नाव जॉन. आणि दुसऱ्या मुलाचे नाव? तेही जॉन! आता दप्तरात नुसते ‘जॉन पास्टन’ दिसले, तर कोणता समजायचा? वर्ष बघायचे, गाव बघायचे, सोबतची नावे बघायची. थोरला मुलगा १४६३ साली सर झाला, त्यामुळे त्यानंतरच्या काही वर्षांत ‘सर जॉन’ दिसला की सुटलो.

“तू तर आमचा भूदास!”

आता या गोष्टीतला सर्वांत कठीण प्रसंग.

सर जॉन फास्टोल्फ नावाचा एक म्हातारा सेनानी होता. फ्रान्समधल्या युद्धांत त्याने नाव आणि भरपूर पैसा कमावला होता. केस्टर इथे त्याने विटांचा देखणा किल्ला बांधला होता. त्याला मूलबाळ नव्हते. १४५९ च्या नोव्हेंबरात तो वारला आणि मार्गारेटचा नवरा जॉन पुढे होऊन म्हणाला, “मरण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी मृत्युपत्र बदलले. केस्टर आणि इतर जमिनी मला द्यायचे ठरवले.”

इतर कारभारी म्हणाले, “खोटं! आम्हाला असं काही ठाऊक नाही.” वर्षानुवर्षे साक्षीपुरावे चालले. दरम्यान बडे सरदार तुटून पडले. १४६५ साली सफोकच्या ड्यूकच्या माणसांनी हेल्सडन इथला पास्टनांचा वाडा उद्ध्वस्त केला. जॉनला तीनदा लंडनच्या फ्लीट तुरुंगात जावे लागले.

तेवढ्यात शत्रूंनी शेवटचा बाण काढला. पास्टन मुळात भूदासच, असे ते म्हणू लागले.

लक्षात आले का किती मोठा धोका होता? जॉन जन्माने भूदास ठरला असता, तर ग्रेशम, केस्टर, पास्टन, सगळेच गेले असते. न्यायाधीशाचा मुलगा, लंडनमध्ये वावरणारा माणूस. पण एका शब्दाने त्याचे काहीच उरले नसते.

१४६६ च्या मे महिन्यात जॉन लंडनमध्ये वारला. निकाल अजून लागला नव्हता. थोरला मुलगा सर जॉन आणि त्याचे काका विल्यम व क्लेमंट चौथा एडवर्ड राजा आणि त्याच्या मंडळापुढे उभे राहिले. बरोबर होते ते कागद. तारखांची आणि बिनतारखेची जुनी खते, मठांना दिलेल्या दानांचे पुरावे, मॅनरच्या नोंदी आणि तिसऱ्या हेन्रीच्या काळापासूनची तडजोडपत्रे. आमचा मूळ पुरुष वुलस्टन फ्रान्समधून आला, असे त्यांनी सांगितले.

जुलै १४६६ मध्ये राजाने जाहीर केले की पास्टन हे जुन्या खानदानी घराण्याचे आहेत, भूदास नव्हेत. घर वाचले!

पण आपण गुप्तहेर आहोत ना? मग आपण एवढ्यावर थांबायचे नाही. ‘पास्टन’ या आडनावाचा अर्थ इतकाच की ‘पास्टन गावचा’. आपल्याकडे नाशिककर असते तसे. दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदात कोणी नाशिककर सापडले, म्हणजे ते आजच्या प्रत्येक नाशिककराचे पणजोबा होत नाहीत! तसेच १२२० किंवा १२३० च्या कागदात ‘पास्टनचा अमुक’ दिसला, तरी तो क्लेमंट यांचा पूर्वज असेलच असे नाही. मधली प्रत्येक कडी दाखवावी लागते: हा याचा मुलगा, तो त्याचा मुलगा. म्हणूनच अनेक इतिहासकारांना वुलस्टनपासूनचा हा वंशवृक्ष फुगवलेला वाटतो. काही खते मागाहून तयार केली असावीत, असाही त्यांना संशय आहे.

म्हणजे दोन कागद समोरासमोर उभे आहेत. एक शत्रूचा: हे तर नांगरे आणि भूदास. दुसरा राजाचा: हे जुने खानदानी. दोघांनाही स्वार्थ चिकटलेला. मग खरे काय? दोघांच्या भांडणातून जे सुटून उरते ते धरायचे. क्लेमंट जमीन कसत होते, विल्यम शिकले, न्यायाधीश झाले, त्यांनी जमिनी घेतल्या. घराणे उभे राहिले ते विल्यम यांच्या शिक्षणामुळे. इतकी अभिमानाची गोष्ट. पण १४६६ साली पास्टनांना ती राजापुढे मोठ्याने सांगता आली नसती!

आईचा सल्ला

नवरा गेल्यावर त्याच वर्षी, १४६६ च्या ऑक्टोबरात, मार्गारेटने सर जॉनला एक पत्र लिहिले. आपले दस्तऐवज शहाणपणाने सांभाळ, असे तिने त्याला सांगितले. संकटाच्या काळात तुझ्या वडिलांना घरातल्या कुठल्याही चीजवस्तूपेक्षा कागदांची जास्त काळजी होती. वस्तू पुन्हा मिळतील, पण हे कागद हातचे गेले तर तसे दुसरे कधीच मिळणार नाहीत, असा तिच्या बोलण्याचा अर्थ.

तिला हे शिकवायला कोणी नको होते. भिंत पोखरून तिलाच तर बाहेर काढले होते!

संकटे संपली नाहीत. १४६९ साली नॉरफोकच्या ड्यूकने केस्टरला वेढा घातला. आत धाकटा जॉन होता, जेमतेम तीसेक माणसांनिशी. काही आठवडे त्याने किल्ला लढवला आणि मग तो द्यावा लागला. १४७० साली तडजोड झाली. फास्टोल्फच्या पुष्कळ जमिनी ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजाकडे गेल्या. १४७६ च्या जानेवारीत ड्यूक वारला आणि त्याच वर्षी केस्टर पास्टनांना परत मिळाले. वर्षानुवर्षे सांभाळलेल्या कागदांनी शेवटी किल्ला मिळवून दिला.

आणि आणखी एक गोष्ट मिळवून दिली, जी मार्गारेटच्या स्वप्नातही नव्हती. पत्रे आणि कागद जपून ठेवायची सवय घराण्याला लागली ती बरीचशी कोर्टाच्या भीतीने. पुढेमागे पुरावा म्हणून उपयोगी पडेल, म्हणून कोणी काही फेकले नाही. १७३२ साली घराण्यातला शेवटचा पुरुष वारला. पण कागद वाचले. १७८७ साली जॉन फेन यांनी त्यांतली पहिली पत्रे छापली. आज हजारांहून अधिक पत्रे आणि कागद शिल्लक आहेत, बहुतेक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. राजाच्या कोर्टाच्या गुंडाळ्या आणि तडजोडपत्रांचे तळतुकडे लंडनमधल्याच क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

या दोन दप्तरांतला फरक लक्षात घ्या. कोर्टाच्या दप्तरात मार्गारेट जवळजवळ दिसतच नाही. लग्न झालेल्या बाईला तेव्हा नवऱ्याशिवाय दावाही लावता येत नसे. तिथे ती फक्त ‘जॉनची बायको’. पण जॉन लंडनला आणि तुरुंगात असताना वाडा, कुळे, वसुली आणि शत्रू सांभाळले कोणी? ते पत्रांत कळते. ज्यांची पत्रे नाहीत, त्या गरीब कुळांचे काय? ग्रेशमच्या त्या बारा माणसांचे काय? त्यांचा माग कधीतरी मॅनरच्या कचेरीतल्या एखाद्या ओळीत लागतो, नाहीतर लागतच नाही. दप्तर गप्प आहे म्हणजे माणसे नव्हती, असे मात्र समजायचे नाही.

आता तुमची पाळी!

सुट्टीत आजी-आजोबांकडे जाल तेव्हा हा शोध स्वतः करून बघा. माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी खरेदीखते, सातबाराचे उतारे, एखादा मोडीतला कागद असेल. मोठ्यांना विचारूनच हात लावा हं! मग वहीत चार रकाने आखा: कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कशासाठी लिहिला आणि कोणाचे नाव त्यात नाही. शेवटचा रकाना भरायला आजीशी बोलावे लागेल. तिचे नाव सातबारावर कदाचित नसेल, पण घराची अर्धी हकीकत तिच्यापाशीच असेल. ती तारीख घालून लिहून ठेवा.

आणि वही जपून ठेवा. का, ते मार्गारेटने सांगितलेच आहे!